मिस्सा संपेपर्यंत

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी माझ्या नवऱ्यानं मला स्कूटरवरून पनवेलच्या चर्चच्या फाटकाशी आणून सोडलं आणि विचारलं, "किती वेळ लागंल?"

मी म्हटलं, "तासभर तरी. तुम्ही घरी जाऊन या."

"नको. हितंच थांबतो."

फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक कडुनिंब होता. त्याखाली स्कूटर लावून हे बसले. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपवून मी बाहेर आले, तेव्हा स्कूटर पुसून लख्ख झाली होती आणि हे वॉचमनशी क्रिकेटवर बोलत होते. मला वाटलं, आज पहिला दिवस आहे, संकोच वाटला असेल. पुढच्या रविवारी येतील आत.

पुढचा रविवार आला आणि गेला. मग तीस वर्षं गेली.

मी वसईच्या एका वाडीतली. तिथं सकाळ चर्चच्या घंटेनं व्हायची आणि संध्याकाळी सगळं घर गुडघ्यावर बसून रोझरीची माळ म्हणायचं. आमच्या घरात देवाशी मराठीत बोलत. भांडायचं तेही मराठीतच. नर्सिंगचं शिक्षण घेऊन मी पनवेलच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. तिथं एक आगरी बाई पाय मोडून दाखल झाली. तिचा मुलगा उरणकडच्या बंदरात क्रेन चालवायचा. ड्यूटी संपली की तो तसाच, तेलकट कपड्यांनी, आईच्या उशाशी येऊन बसायचा. बाईला ड्रेसिंगच्या वेळी फार दुखायचं. मी काम करता करता मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचे आणि पट्टी बांधून झाली की अंगठ्यानं तिच्या पावलावर लहानसा क्रूस काढायचे. कुणाच्या लक्षात येत नसे, असं मला वाटे. तिच्या मुलाच्या लक्षात आलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं विचारलं, "तुमी पायावर काय काढायच्या?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मनून बरा झाला."

तेच माझे हे.

दोन्ही घरांत रडारड झाली. माझ्या वडिलांनी सहा महिने मला पत्र लिहिलं नाही. शेवटी बिशपांची परवानगी काढून आमचं लग्न चर्चमध्ये लागलं आणि दुसऱ्या दिवशी सासरी अंगणात मांडव घालून पुन्हा लागलं. यांनी धर्म बदलायचा नाही आणि मीही माझा सोडायचा नाही, असं ठरलं होतं. ठरलं होतं ते डोक्यात. मनात मी काहीतरी वेगळंच ठरवलं होतं. एक दिवस हा माणूस माझ्या शेजारी बाकावर बसेल, एवढंच. बाप्तिस्मा वगैरे मोठ्या गोष्टी मी देवावर सोडल्या होत्या. माझी मागणी फक्त शेजारी बसण्याची होती.

सासूबाईंनी मला घरात एक कोपरा दिला. त्यांच्या देव्हाऱ्याला लागूनच भिंतीत कोनाडा होता, त्यातली तेलाची बाटली काढून त्या म्हणाल्या, "तुजी माय हितं ठेव." तिथं मी मरियामातेची मूर्ती ठेवली. सकाळी त्या आपल्या देवांना फुलं वाहायच्या, तेव्हा एखादं फूल कोनाड्यातही पडायचं. तांदळाचं पीठ मळून झालं की मी त्यावर बोटानं क्रूस काढायचे, आमच्या आईची सवय. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं तेव्हा, "यो काय रेघा वढतेस?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, भाकर देवाची असते, म्हणून. एकदा मी ड्यूटीवरून दमून आले, तर परातीत मळलेलं पीठ झाकून ठेवलेलं आणि त्यावर वाकडातिकडा क्रूस. "तू नव्हतीस ना," त्या म्हणाल्या, "मनून मीच काढला."

आम्हांला मूल झालं नाही. नात्यातल्या बायका माझ्यासमोरच बोलायच्या, परधर्माची आणली मग काय होणार. सासूबाई एकदाच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "पोर देनं ना देनं देवाच्या हातान हाय. तिच्या देवाच्या न् आपल्या देवाच्या, दोघांच्या. तुमच्या नाय." त्यानंतर माझ्यासमोर तो विषय कुणी काढला नाही.

रविवार मात्र तसाच राहिला. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर केरळचं एक कुटुंब बसायचं. नवरा, बायको, दोन मुली. नवरा बायकोचं गाण्यांचं पुस्तक हातात धरून तिला पान काढून द्यायचा. मी ते पाहायचे आणि मग आपण काय पाहतोय याची लाज वाटून वेदीकडे नजर वळवायचे. बहुतेक रविवारी मिस्सा इंग्रजीत असे. मराठी महिन्यातून एकदा. इंग्रजी मला येतं, पण त्यात मला रडू येत नाही. एकदा एका नव्या बाईंनी मिस्सा संपल्यावर माझा हात हातात घेऊन विचारलं, "किती वर्षं झाली मिस्टरांना जाऊन?" मी म्हटलं, "ते बाहेर बसलेत." त्या ओशाळल्या. मीही. बाहेर येऊन पाहते, तर हे कडुनिंबाखाली पेपर वाचत बसलेले, शेजारच्या पिशवीत माझ्यासाठी गरम वडापाव. त्या दिवशी मी वडापाव खाल्ला नाही. का नाही खाल्ला ते यांना सांगितलंही नाही.

मी रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी कोरोनामुळे सगळं बंद झालं. चर्चही बंद. फाटकाला कुलूप, हे वसईला माझ्या आईच्या वेळीही कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी आंघोळ करून, साडी नेसून खुर्चीवर नुसती बसून राहिले. हे आतबाहेर करत होते. त्यांच्याही रविवारचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "फोनवर दाखवतात मनं. वसईवरून. बघ तरी."

त्यांनीच फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. कोनाड्यातली मूर्ती काढून डब्याशेजारी ठेवली आणि मेणबत्ती लावली. सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. तेव्हा त्या फारशा चालत नव्हत्या. फोनमधून मराठीत गाणं सुरू झालं. चाल माझ्या लहानपणचीच. मी उभी राहिले, आणि मला जाणवलं की माझ्या शेजारी हे उभे आहेत.

मी मान वळवली नाही. वळवली तर जातील, असं वाटलं.

ते गेले नाहीत. मी बसले की बसले, उभी राहिले की उठले. प्रार्थनेला मी गुडघ्यावर आले तेव्हा ते थोडे घुटमळले, आणि मग पाय दुमडून मांडी घालून जमिनीवर बसले. इतकी वर्षं ज्यासाठी मी देवाच्या मागे लागले होते ते माझ्या स्वयंपाकघरात घडत होतं, कुकर ओट्यावर, सासूबाई मध्येच विचारतायत की हा बाबा मधेमधे गप का होतो. आणि नेमकं तेव्हाच कम्युनियन आलं. पडद्यावर फादरांनी भाकर उंचावली. मला ती मिळणार नव्हती. ख्रिस्ताचं शरीर म्हणून जी पवित्र भाकर आम्ही घेतो, ती लहानपणी पहिल्यांदा घेतल्यापासून एखाददुसरा रविवार सोडला तर मी कधी चुकवली नव्हती. आजारपणात फादर घरी येऊन द्यायचे. आता एका काचेपलीकडे ती दिसत होती आणि मी हात जोडून बसले होते. मला हुंदका आवरला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तो क्षण आला, तेव्हा हे उठले, ओट्याशी गेले, आणि एका स्वच्छ बशीत भाकरीचा छोटा तुकडा घेऊन आले. सकाळचीच भाकरी, पापुद्रा सुटलेली.

"हे चालंल?"

मी बशीकडे पाहिलं. हसावं की रडावं, मला कळेना. "नाही चालत."

"का? भाकरच हाय ना?"

"फादरांच्या हातून व्हावी लागते. प्रार्थना होऊन. मग ती भाकर राहत नाही, तो स्वतः असतो."

"खरा?"

"खरा."

ते बशी घेऊन तसेच उभे राहिले. फोनमध्ये लोक गात होते. "मंजे तू दर रविवारी हे खायला जायचीस?"

"हो."

"आनि मी इतकी वर्सं समजत होतो, गानी मनायला जाते."

तो तुकडा नंतर त्यांनी खिडकीबाहेर चिमण्यांसाठी ठेवला. पण त्या दिवसापासून ते मला काही ना काही विचारू लागले. दुपारी जेवताना, झाडांना पाणी घालताना. तो मेला तेव्हा त्याची आई जवळ होती का? तिनं काय केलं? ज्यानं पकडून दिलं त्याचं पुढं काय झालं? मला येत होतं तेवढं मी सांगायचे. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोकळेपणानं माझ्या देवाबद्दल कुणाशी बोलले नव्हते, आणि बोलले ते कोणाशी, तर ज्याच्याशी बोलायची सगळ्यात जास्त इच्छा होती त्याच्याशी. बाहेर ॲम्ब्युलन्सचे आवाज चालले होते, गावठाणात रोज कुणीतरी जात होतं आणि मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करत होते. तरीही, खरं सांगायचं तर, ते माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे महिने होते.

त्यातच सासूबाई गेल्या. त्यांना काही झालं नव्हतं, वय झालं होतं. शेवटच्या आठवड्यात जेवण तुटलं. मी ओल्या कापसानं ओठ पुसायचे. त्यांनी एकदा माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुजी ती माल मन. आवाज येऊंदे." मी खाटेच्या कडेला बसून मोठ्यानं रोझरी म्हणू लागले. त्यांचा मुलगा पायाशी बसला होता. नंतर नंतर प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणायला माझ्याबरोबर त्याचाही आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळत असताना, मला शांतता ऐकू आली. स्मशानात चारच माणसं नेता आली. यांनी अग्नी दिला, पुढचे सगळे विधी रीतसर केले. मी घरी नैवेद्य रांधला आणि त्यांच्या आत्म्यासाठी माझ्या पद्धतीनं प्रार्थना केली. दोन्ही कामांत मला कुठं अडलं नाही.

मग केव्हातरी चर्च उघडलं. अंतर ठेवून बसायच्या खुणा चिकटवलेल्या, दारात सॅनिटायझर. तळहातावर पवित्र भाकर आली तेव्हा मी तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिले की फादरांनी थांबून पाहिलं. माझी भूक भागली. जागेवर येऊन गुडघे टेकले, आणि शेजारी पाहिलं. बाकावर कुणी बसू नये म्हणून फुलीची पट्टी लावलेली होती.

हे पुन्हा कडुनिंबाखाली बसले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी भांडले. तीस वर्षांत पहिल्यांदा या गोष्टीवरून भांडले. म्हटलं, "घरात बसत होतात की शेजारी. तिथं काय होतं?"

"घर माजं हाय. तिथं मी कोन?"

"मी तुमच्या गावदेवीच्या जत्रेला पुरणाचा नैवेद्य करते. पालखी दारात आली की पाणी घालते. मला तुमचा देव चालतो. तुम्हांला माझा चालत नाही."

यांचा चेहरा उतरला. ते कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "चालत नाय तर मी दारात बसलो असतो काय इतकी वर्सं? उनात, पावसात? दुसरा कोन बसला असता?"

मी आत जाऊन भात लावला.

नोव्हेंबरात आमच्याकडे मृतांची आठवण करायचा दिवस असतो. त्या दिवशीच्या मराठी मिस्सेत मी सासूबाईंचं नाव दिलं होतं. ते यांना सांगायला मला आधी धीर होईना. मग सकाळी दाढी करत असताना सांगितलं, की आज तुमच्या आईसाठी प्रार्थना आहे, फादर नाव घेतील.

दाढीचा ब्रश हातात धरून ते वळले. "आईचं नाव? सगल्यांसमोर?"

"हो."

"मोठ्यानं?"

"माइकवर."

आंघोळ करून त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. चर्चपाशी स्कूटर कडुनिंबाखाली लावली आणि माझ्यामागून फाटकातून आत आले. वॉचमन बघतच राहिला. दाराशी ते वाकले, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि अनवाणी आत आले. तिथं कुणी बूट काढत नाही. ते शेवटच्या बाकावर टेकले. माझी जागा पुढं होती, पण मी त्यांच्या शेजारी बसले.

फादर मंगलोरकडचे, मराठी शिकून बोलणारे. त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. सासूबाईंचं नाव आलं, पण मधलं अक्षर त्यांनी चुकवलं. यांनी लगेच, अगदी हळू, बरोबर नाव उच्चारलं. जणू देवाकडे चुकीचा पत्ता जाऊ नये. मग ते खाली बघत राहिले आणि मला त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ओला डाग दिसला. आई गेली तेव्हा हे रडले नव्हते.

कम्युनियनची रांग लागली. मी उठले, आणि मागं पाहते तर हे माझ्यामागे उभे. सगळे उठले म्हणून उठले असणार. मी मान वळवून कुजबुजले, "हात छातीवर असे ठेवा. एकावर एक. फादर आशीर्वाद देतील."

"मला नाय देनार?"

"नाही."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. मला भाकर मिळाली. मी बाजूला झाले आणि पाहिलं, की क्रेन चालवून निबर झालेले ते दोन्ही हात छातीवर ठेवून हे मान खाली घालून उभे आहेत आणि फादरांनी त्यांच्या डोक्यावर हात धरलाय. जागेवर येऊन मी गुडघे टेकले. माझ्या शेजारी त्यांनीही टेकले. देवाशी बोलायला मी डोळे मिटले, पण तीस वर्षं रोज बोललेलं एकही वाक्य मला आठवेना.

परतताना स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा ते म्हणाले, "इतक्या जवल जायचं न् उपाशी परत यायचं. तुला लॉकडाउनमधी असंच वाटत होतं?"

"असंच."

"मंग कठीन हाय."

मी त्यांच्या पाठीला टेकले. वाटलं, आता दार उघडलं. पुढच्या रविवारी मी शेजारी जागा ठेवून बसले. मिस्सा संपून बाहेर आले तर हे झाडाखाली. पेपर वाचत. वर्षातून एकदा, आईचं नाव येतं त्या दिवशी, ते आत येतात. एरवी नाही. मी पुन्हा भांडले नाही. पण माझं मन काही समजूतदार झालेलं नाही. अजूनही दर रविवारी गाणं सुरू झालं की मी एकदा दाराकडे पाहते. आणि कधी कधी याहून लांबचा विचार येतो. मला मातीत ठेवतील, यांना आग देतील. मग आम्ही एकमेकांना कुठं शोधायचं? हे मी फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले, की हे मलाही माहीत नाही, मी तुमच्याबरोबर प्रार्थना करतो. मला ते आवडलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

यंदा उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं, पण जिना उतरायची बंदी. दोन रविवार गेले. मी फोनवरच मिस्सा पाहत होते. तिसऱ्या रविवारी सकाळी हे पांढरा शर्ट घालून निघाले. मी विचारलं, "कुठं?"

"येतो."

मला वाटलं, बाजारात गेले असतील. जाण्याआधी त्यांनी माझ्या खाटेजवळ स्टूल आणून ठेवला होता, त्यावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरला होता. मला वाटलं, औषधांसाठी असेल. दोनएक तासांनी जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं, आणि यांच्या मागून फादर आत आले. गळ्यात पवित्र भाकरीची छोटी डबी.

फादर घाम पुसत हसत होते. म्हणाले, "मिस्सा संपल्यावर मी कपडे बदलत होतो. हे थेट आत आले माझ्याकडे. म्हणाले, बायको उपाशी आहे, चला."

"खोटं काय?" हे म्हणाले. "तीन रविवार झाले."

त्यांनी मेणबत्ती लावली. कोनाड्यातली मूर्ती आणून स्टुलावर ठेवली, आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. फादरांनी प्रार्थना म्हटली, माझ्यासाठी मराठीत. मी जीभ पुढं केली. डोळे उघडले तेव्हा मला फादर दिसले नाहीत, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे हे दिसले. ते माझ्याकडे पाहत होते. लहान मुलाला जेवताना आई पाहते, तसे.

फादरांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हणाले, दुसऱ्या एका आजाऱ्याकडे जायचं होतं. यांनी स्कूटरची किल्ली उचलली. दारापर्यंत जाऊन ते परत आले, वाकून माझी उशी नीट केली आणि विचारलं, "भरलं पोट?"

"भरलं."

तुमचं? असं मला विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण फादर जिन्यात थांबले होते आणि हे घाईत होते. ते गेले. खाली स्कूटर चालू झाली, वळणापर्यंत तिचा आवाज आला. मी हात जोडले आणि माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी मागू लागले. नेहमीचंच मागणं, त्या शेजारच्या जागेचं. अजून मिळालेलं नाही. मी मागते आहे.